शेतकऱ्याच्या इमोजीतला न दिसणारा जोड

सकाळी मोंढ्यातल्या आडतीवरून बाजारभावाचा मेसेज सुटतो. सोयाबीन, तूर, हरभरा, प्रत्येक नावाआधी 🌾 हे चिन्ह. फोनवर सगळं नीट दिसतं. तोच मजकूर दुकानाच्या वेबसाइटवर चढवला की 🌾 च्या जागी प्रश्नचिन्हं येतात. एखाद्या जुन्या कॉम्प्युटरवर उघडला तर रिकामी चौकट दिसते. यादी करून एक्सेलमध्ये नेली तर तिथे डोक्यावर रेघा आणि टिंबं असलेली भलतीच परदेशी अक्षरं.

तीन ठिकाणी तीन बिघाड, आणि तिन्हींची कारणं वेगळी. एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. पण बहुतेक जण तिन्हींवर एकच उपाय करतात: इमोजी काढून टाकतात. तसं करायची गरज नाही. एक गोष्ट पक्की समजली की बाकीचं आपोआप उलगडतं. इमोजी चित्रासारखा दिसत असला तरी कॉम्प्युटरच्या लेखी तो अक्षर आहे, जसा ‘क’ किंवा ‘ळ’.

चित्र तुमच्या फोनमधलं, जातो तो फक्त नंबर

तुम्ही 🌾 पाठवता तेव्हा फोनमधून चित्र जात नाही, एक नंबर जातो. जगातल्या सगळ्या लिप्यांना नंबर देणारी युनिकोड ही पद्धत आहे. तिच्यात ‘क’ला यू+०९१५ हा नंबर आहे आणि 🌾 ला यू+१एफ३३ई. समोरचा फोन तो नंबर वाचतो, स्वतःच्या फाँटमध्ये त्या नंबराचं चित्र शोधतो आणि पडद्यावर काढतो. ॲपलचा फाँट वेगळा, अँड्रॉइडचा नोटो कलर इमोजी वेगळा, विंडोजचा सेगो यूआय इमोजी वेगळा. म्हणून एकच इमोजी तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी दिसतो. 🔫 हे याचं ठळक उदाहरण: ॲपलने २०१६ मध्ये खऱ्या पिस्तुलाच्या जागी पाण्याची पिचकारी काढली, बाकीच्या कंपन्या बहुतेक २०१८ मध्ये तिकडे वळल्या. मधल्या काळात एकाने पिचकारी पाठवली की दुसऱ्याला बंदूक मिळायची.

‘इमोजी’ हा शब्दही हेच सांगतो. जपानीत ‘ए’ म्हणजे चित्र आणि ‘मोजी’ म्हणजे अक्षर. इंग्रजीतल्या ‘इमोशन’शी त्याचं नातं नाही, उच्चार जुळले इतकंच. १९९९ साली जपानच्या एनटीटी डोकोमो कंपनीसाठी शिगेताका कुरिता यांनी १७६ चिन्हांचा संच केला. प्रत्येक चिन्ह १२ बाय १२ ठिपक्यांच्या चौकोनात बसवलेलं. त्याआधी १९९७ मध्येही तिथल्या एका फोनवर असा संच आला होता. पण प्रत्येक कंपनीचे नंबर वेगळे असल्यामुळे एका कंपनीच्या फोनवरून दुसरीकडे पाठवलं की गोंधळ व्हायचा. ऑक्टोबर २०१० मध्ये आलेल्या युनिकोड ६.० ने सगळ्यांना सामाईक नंबर दिले.

त्याच आवृत्तीत आपलं रुपयाचं चिन्ह ₹ आलं. सरकारने ते जुलै २०१० मध्ये ठरवलं आणि काही महिन्यांत त्याला नंबर मिळाला. त्यानंतरची काही वर्षं जुन्या फोनवर ₹ च्या जागी चौकट दिसायची. आज नवा इमोजी जुन्या फोनवर चौकट होऊन येतो, त्याचं कारणही तेच.

शोधायचा कुठे

विंडोज १० किंवा ११ वर विंडोजची कळ दाबून धरा आणि पूर्णविरामाची कळ दाबा. छोटी खिडकी उघडेल. तिथे थेट टाइप केलं की शोध सुरू होतो. मराठी कीबोर्ड चालू असताना शोध लागला नाही तर विंडोजची कळ आणि स्पेस दाबून इंग्रजीवर या आणि पुन्हा टाइप करा. मॅकवर कंट्रोल, कमांड आणि स्पेस एकत्र. अँड्रॉइडच्या जीबोर्डवर हसऱ्या चेहऱ्याची कळ असते. दिसली नाही तर स्वल्पविरामाची कळ दाबून धरा. आयफोनवर कीबोर्डच्या खालच्या कोपऱ्यात हसरा चेहरा किंवा पृथ्वीचा गोल असतो. गूगल डॉक्समध्ये ‘इन्सर्ट’ या यादीत इमोजीचा पर्याय आहे.

खरी अडचण नावांची होते. शोध नावावर चालतो आणि मूळ नावं आपल्या शेताशिवारातली नाहीत. 🌾 चं नाव ‘भाताची पेंढी’ या अर्थाचं आहे, त्यामुळे इंग्रजीत ‘राइस’ लिहिलं की तो लगेच सापडतो. आपल्याकडे तो ज्वारी, गहू, सोयाबीन सगळ्यांसाठी चालतो, आणि चालू द्यावा. पोळ्याच्या शुभेच्छांमध्ये मात्र नीट बघून घ्या: 🐂 हा बैल, 🐃 ही म्हैस आणि 🐄 ही गाय. लहान पडद्यावर तिघंही सारखेच वाटतात. म्हैस लावून पोळ्याच्या शुभेच्छा देणारे मेसेज दरवर्षी फिरतात. बैलाला शोधताना इंग्रजीत ‘ऑक्स’ लिहा.

आपल्या भागातलं काय आहे आणि काय नाही, हेही माहीत असलेलं बरं. 🪔 पणती, 🛕 मंदिर, 🛺 ऑटोरिक्षा आणि 🥻 साडी हे चौघे २०१९ च्या आवृत्तीत एकत्रच आले. 🥭 आंबा २०१८ मध्ये आला, म्हणजे केशरचा मेसेज पाठवणाऱ्यांची सोय झाली. भाकरीला जवळचा 🫓 हा २०२० चा. जालन्याच्या मोसंबीसाठी 🍊 वर भागवावं लागतं. तो मुळात संत्र्यासारख्या फळाचा आहे. कापसाचं बोंड नाही. ज्या मातीत एवढा कापूस पिकतो तिथल्या माणसाला ही उणीव जाणवणारच. येळवशीच्या (वेळ अमावास्येच्या) निमंत्रणालाही वेगळं चिन्ह नाही, 🌾 आणि 🍲 वर काम चालतं. नव्या इमोजीचा प्रस्ताव कुणालाही पाठवता येतो. लोक तो किती वापरतील हे पटवून द्यावं लागतं. देवदेवता, विशिष्ट व्यक्ती, विशिष्ट वास्तू आणि कंपन्यांची बोधचिन्हं मात्र नियमानेच घेतली जात नाहीत. म्हणून विठ्ठलाचा किंवा तुळजाभवानीचा इमोजी शोधत बसू नये.

सगळे मिळून इमोजी पावणेचार हजारांच्या वर आहेत. एखादा इमोजी दुसऱ्या फोनवर कसा दिसेल हे पाठवण्याआधी पाहायचं असेल तर इमोजीपीडिया ही साइट उपयोगी पडते. २०१३ पासून ती चालू आहे. नाव टाकलं की ॲपल, गूगल, सॅमसंग, मायक्रोसॉफ्ट अशा सगळ्यांकडचं रूप ती शेजारीशेजारी दाखवते आणि तिथून इमोजी कॉपीही करता येतो.

जोड

आता मूळ गोष्ट. 👨‍🌾 हा शेतकरी एक इमोजी दिसतो, पण आत तीन अक्षरं आहेत: 👨 माणूस, मग एक न दिसणारं अक्षर, मग 🌾 पेंढी. मधलं अक्षर पडद्यावर काहीच जागा घेत नाही. ‘शेजारच्या दोघांना जोडून दाखव’ एवढंच ते फाँटला सांगतं. त्याचं नाव झिरो विड्थ जॉइनर, म्हणजे शून्य रुंदीचा जोड.

हा जोड इमोजीसाठी जन्माला आलेला नाही. तो त्याआधीच अरबी आणि भारतीय लिप्यांसाठी युनिकोडमध्ये होता. मराठीत तर तो रोज लागतो. ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द घ्या. यातला ‘ऱ्या’ दोन तऱ्हांनी टाइप होतो. एक, ‘ऱ’ हे वेगळं अक्षर घेऊन त्याला हलन्त आणि ‘या’ जोडून. दुसरी, साधा ‘र’, हलन्त, मग हाच न दिसणारा जोड, मग ‘या’. जोड गळाला तर संगणक ‘सूर्य’ मधल्यासारखा रफार काढतो आणि शब्द ‘शेतकर्यांना’ असा होतो. इंटरनेटवर, शासकीय पत्रकांत, बातम्यांत हे चुकीचं रूप जागोजागी दिसतं. लिहिणाऱ्याला मराठी येत नव्हतं असं दर वेळी नसतं. बऱ्याचदा वाटेतल्या एखाद्या प्रोग्रामने ‘अदृश्य अक्षरं साफ करा’ या नावाखाली जोड काढून टाकलेला असतो.

तोच प्रोग्राम 👨‍🌾 लाही मोडतो. शेतकऱ्याच्या जागी 👨🌾, म्हणजे एक माणूस आणि बाजूला पेंढी, असे दोन इमोजी उरतात. म्हणून वेबसाइटवर शेतकरी फुटलेला दिसला तर त्याच साइटवरचे ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘कोऱ्या’ हे शब्दही तपासा. ते तुटलेले असतील तर दोष इमोजीत नसून मजकूर ‘साफ’ करणाऱ्या पायरीत आहे. ज्याने साइट बांधली त्याला हे दोन नमुने शेजारीशेजारी दाखवले की मुद्दा त्याच्या लगेच लक्षात येतो.

खोडतानाही हे साम्य दिसतं. ‘कि’ लिहून मागे खोडलं की कित्येक ठिकाणी आधी वेलांटी जाते, ‘क’ उरतो. तसंच काही प्रोग्राममध्ये 👨‍👩‍👧‍👦 हे कुटुंब खोडताना एकेक माणूस कमी होत जातो. कुटुंबात चार माणसं आणि तीन जोड, म्हणजे सात अक्षरं असतात.

जोडाची आणखी तीन भावंडं आहेत. पहिलं, कातडीचा रंग: २०१५ मध्ये पाच छटा आल्या. 🙏 नंतर छटेचं अक्षर आलं की 🙏🏽 होतो. जुन्या फोनवर तो 🙏 आणि शेजारी तपकिरी चौकोन असा फुटतो.

दुसरं, रूप ठरवणारं अक्षर. ☎, ☀, ❤ ही चिन्हं इमोजींच्या आधीपासून काळ्या शाईच्या रूपात होती. त्यांच्यामागे एक अदृश्य अक्षर लावलं की ती रंगीत होतात. फोनवर लाल दिसणारं ❤️ वेबसाइटवर काळं ❤︎ दिसलं, तर ते मागचं अक्षर गळालंय किंवा तिथला फाँट त्याला जुमानत नाही.

तिसरं, झेंडे. 🇮🇳 म्हणजे ‘आय’ आणि ‘एन’ या दोन विशेष अक्षरांची जोडी. विंडोजच्या इमोजी फाँटमध्ये देशांचे झेंडेच नाहीत. म्हणून विंडोजवर क्रोम किंवा एजमध्ये तिरंग्याच्या जागी ती दोन इंग्रजी अक्षरं दिसतात. फायरफॉक्स स्वतःचा फाँट सोबत आणतो, म्हणून तिथे झेंडा दिसतो. १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं पान करताना शाळा-कॉलेजांच्या साइटवर हा प्रकार हमखास घडतो. तिरंगा हवाच असेल तर तिथे इमोजी न वापरता झेंड्याची चित्रफाइल लावा.

चौकट, प्रश्नचिन्ह आणि परदेशी अक्षरं

बिघाड दिसला की आधी तो कुठल्या जातीचा आहे ते ओळखा. काय वाचवता येईल आणि काय गेलं, हे त्यावरच ठरतं.

रिकामी चौकट म्हणजे नंबर बरोबर पोहोचला, पण त्या यंत्राच्या फाँटमध्ये चित्र नाही. मजकूर शाबूत आहे. तो कॉपी करून नव्या फोनवर नेला की इमोजी दिसेल. या चौकटीला छपाईच्या जगात टोफू म्हणतात. गूगलच्या नोटो फाँटचं नाव ‘नो टोफू’ यावरूनच आलंय. विंडोज ७ वर आणि जुन्या अँड्रॉइडवर हे जास्त होतं, कारण तिथे इमोजीचा फाँट सिस्टिमसोबतच यायचा आणि सिस्टिम अपडेट झाली नाही की तोही जुनाच राहायचा. व्हॉट्सॲप अँड्रॉइडवर स्वतःची चित्रं वापरतं. म्हणून व्हॉट्सॲपमध्ये दिसणारा इमोजी त्याच फोनच्या एसएमएसमध्ये चौकट होऊ शकतो. गावातल्या सगळ्यांसाठी सूचना काढायची असेल तर गेल्या चार-पाच वर्षांत आलेले इमोजी टाळा. जुने जवळपास सगळीकडे दिसतात.

परदेशी अक्षरं म्हणजे मजकूर सुखरूप आहे, पण वाचणाऱ्याने चुकीच्या पद्धतीने वाचला. साठवताना यूटीएफ-८, म्हणजे युनिकोडचे नंबर बाइटांत साठवायची पद्धत, वापरली आणि उघडताना जुनी पाश्चात्य पद्धत. इमोजी असला तर सुरुवातीला आडव्या रेघेचं वाकडं ‘डी’ आणि दोन टिंबांचं ‘वाय’ दिसतं. मराठी मजकूर असला तर डोक्यावर तिरपी रेघ असलेलं ‘ए’ पुन्हा पुन्हा येतं. अशी फाइल ‘दुरुस्त’ करायला जाऊन सेव्ह करू नका, नाहीतर घाण कायमची बसते. न सेव्ह करता बंद करा आणि नीट पद्धतीने उघडा. एक्सेलमध्ये फाइलवर दोनदा क्लिक करून उघडण्याऐवजी ‘डेटा’ मधून ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ निवडा आणि ‘फाइल ओरिजिन’ला ६५००१ म्हणजे यूटीएफ-८ द्या. एक्सेलमधून बाहेर काढताना साध्या सीएसव्हीऐवजी ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हा प्रकार घ्या.

प्रश्नचिन्हं सगळ्यात वाईट. तिथे साठवतानाच अक्षर टाकून दिलेलं असतं आणि त्याच्या जागी खरोखरचं प्रश्नचिन्ह लिहिलेलं असतं. ते परत येत नाही.

हे होतं कसं, ते मराठी साइट चालवणाऱ्याने मुद्दाम समजून घ्यावं, कारण इथे मराठीच आपल्याला गाफील ठेवते. यूटीएफ-८ मध्ये इंग्रजी अक्षराला १ बाइट लागतो, देवनागरी अक्षराला ३ आणि बहुतेक इमोजींना ४. बहुतेक छोट्या साइट मायएसक्यूएल या डेटाबेसवर चालतात. त्यात जुन्या काळी ‘यूटीएफ८’ या नावाने जी पद्धत होती ती एका अक्षराला जास्तीत जास्त ३ बाइटच देत असे. म्हणजे मराठी बरोबर बसते. साइट वर्षानुवर्षं छान चालते, मालक म्हणतो आपली साइट युनिकोडची आहे, आणि मग एके दिवशी कुणीतरी प्रतिक्रियेत 🙏 टाकतो. चौथ्या बाइटला जागा नसते. डेटाबेस कडक लावलेला असेल तर चूक झाल्याचा संदेश देऊन नोंदच नाकारतो. ढिला लावलेला असेल तर प्रश्नचिन्हं लिहितो, किंवा इमोजीपासून पुढचा सगळा मजकूर कापून टाकतो. शेवटचा प्रकार फार घातक आहे: शेतकऱ्याने तक्रारीच्या सुरुवातीलाच 🙏 केला तर मागे कोरा रकाना उरतो आणि त्याने काही लिहिलंच नाही असं वाटतं.

यावर उपाय यूटीएफ८एमबी४ ही पद्धत. मायएसक्यूएल ८.० पासून तीच मुळात लावलेली असते. जुनी साइट बदलताना आधी पूर्ण बॅकअप घ्या. मग डेटाबेस, टेबल, मजकुराचे रकाने आणि प्रोग्राम जिथून डेटाबेसशी जोडला जातो ती जोडणी, चारही ठिकाणी ही पद्धत लावा. रकाने बदलले आणि जोडणी राहिली, ही सगळ्यात नेहमीची चूक. मग सगळं करूनही प्रश्नचिन्हं येतच राहतात. दुसरी अडचण इंडेक्सची, म्हणजे झटपट शोधण्यासाठी डेटाबेस ठेवतो त्या सूचीची. जुन्या आवृत्त्यांत इंडेक्सला ७६७ बाइटांची मर्यादा होती. ३ बाइटांच्या हिशोबात २५५ अक्षरं बसायची, ४ च्या हिशोबात १९१ च बसतात. म्हणून २५५ अक्षरांच्या रकान्यावर इंडेक्स असेल तर बदल अडतो. तिथे लांबी १९१ करावी लागते. वर्डप्रेसने हा बदल २०१५ च्या ४.२ या आवृत्तीतच केला, पण तेव्हा डेटाबेस जुना असेल तर टेबलं तशीच राहून गेलेली असू शकतात. एकदा तपासा.

वेबपानात लिहिताना

फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह केलेली असेल तर इमोजी थेट पेस्ट करा, वेगळं काही लागत नाही. विंडोजचं नोटपॅड २०१९ पासून आपोआप यूटीएफ-८ घेतं. त्याआधीच्या नोटपॅडवर ‘सेव्ह ॲज’ करताना खाली एनकोडिंगमध्ये ते निवडावं लागतं. पानाच्या हेडमध्ये अगदी वर, पहिल्या १०२४ बाइटांच्या आत, मेटा टॅगमध्ये कॅरसेट यूटीएफ-८ असल्याचं सांगा. वर लांबलचक स्क्रिप्ट आणि खाली ही ओळ असं झालं तर काही ब्राउझरना ती वेळेत सापडत नाही.

फाइलच्या पद्धतीची खात्री नसेल तर इमोजीचा नंबर लिहिता येतो: 🌾 लिहिलं की पानावर 🌾 उमटतो. 🙏 साठी 🙏. शेतकरी पूर्ण लिहायचा तर 👨‍🌾 आणि यातला मधला ८२०५ म्हणजे आपला जोड. हे आकडे इंग्रजी अंकांतच लिहायचे. मराठी कीबोर्ड चालू राहून ते देवनागरी अंकांत पडले तर ब्राउझर त्यांना नंबर मानत नाही आणि पानावर ती सगळी चिन्हं तशीच छापतो. शेवटचा अर्धविरामही विसरू नका.

फाँटचा क्रम महत्त्वाचा. आधी मराठी फाँट, जसा मुक्ता किंवा नोटो सॅन्स देवनागरी, आणि शेवटी इमोजीचा. उलटं केलं तर एक विचित्र प्रकार होतो: इमोजी फाँटमध्ये 1️⃣ सारख्या चिन्हांसाठी इंग्रजी अंकही असतात, आणि पानावरचे सगळे इंग्रजी अंक त्या फाँटमधून येऊन पसरट, बेढब दिसू लागतात. फोन नंबर आणि भाव बिघडलेले दिसले तर आधी हा क्रम पाहा. देवनागरी अंकांचे असे चौकोनी इमोजी नाहीत, त्यामुळे सूचनांना क्रमांक द्यायला साधे १, २, ३ लिहिलेले केव्हाही बरे.

दृष्टिहीन वाचकांचा विचार इथेच करायचा. पडदा वाचून दाखवणारा टॉकबॅकसारखा प्रोग्राम इमोजी आला की त्याचं नाव मोठ्याने उच्चारतो. शीर्षकात 🔥🔥🔥🔥 लिहिलं तर ते नाव पुन्हा पुन्हा ऐकावं लागतं आणि बातमी मागे पडते. वाक्याच्या मधल्या शब्दाऐवजी इमोजी टाकला तर वाक्यच तुटतं. एक पुरे, आणि तो शेवटी. वेबपानात नुसत्या शोभेसाठी असलेला इमोजी स्पॅनमध्ये घालून त्याला आरिया-हिडन लावा, म्हणजे वाचून दाखवणारा प्रोग्राम तो सोडून देतो. अर्थ असलेल्या इमोजीला रोल म्हणून ‘आयएमजी’ द्या आणि आरिया-लेबलमध्ये मराठीत नाव लिहा. पानाची भाषा ‘एमआर’ अशी नोंदवलेली असली की उच्चारही मराठी आवाजात होऊ शकतात.

एसएमएसचं बिल

लातूर-नांदेडकडचे क्लासेस पालकांना गठ्ठ्याने एसएमएस पाठवतात, आणि तिथे एका 🙏 ची किंमत पैशात मोजावी लागते. इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात. पण त्यात एक जरी युनिकोड अक्षर आलं की पूर्ण मेसेज युनिकोडमध्ये जातो आणि मर्यादा ७० वर येते. लांब मेसेज तुकड्यांत जातो तेव्हा प्रत्येक तुकड्यात ६७ च. इमोजी तिथे दोन अक्षरांची जागा खातो. हिशोब करा: १५० अक्षरांचा इंग्रजी मेसेज एका एसएमएसात जातो. शेवटी 🙏 लावला की १५२ झाले. ६७ च्या दोन तुकड्यांत १३४ च मावतात, म्हणजे तीन एसएमएस लागले. एकाचे तीन. मराठी मेसेज आधीच ७० च्या मर्यादेत असतो, तिथे इमोजीचा भार फक्त दोन अक्षरांचा. 👨‍🌾 मात्र पाच अक्षरांची जागा घेतो. गठ्ठ्याने पाठवायचा मजकूर आधी नोंदवलेल्या नमुन्याशी जुळावा लागतो, त्यामुळे नंतर इमोजी घुसवला तर मेसेज अडू शकतो.

वेब फॉर्ममध्येही मोजणी अशीच चालते. ‘जास्तीत जास्त १०० अक्षरं’ असं लिहिलेल्या चौकटीत एक इमोजी दोन धरला जातो आणि चौघांचं कुटुंब अकरा.

पत्रिका आणि फ्लेक्स

व्हॉट्सॲपवर आलेला पत्रिकेचा मजकूर छपाईवाल्याकडे गेला की इमोजी गळतात. पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या प्रोग्रामला युनिकोड कळत नाही. तिथे श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये मजकूर बदलून घ्यावा लागतो आणि त्या बदलात इमोजीला जागाच नसते. बाकीच्या डिझाइन प्रोग्राममध्ये पेस्ट झाला तरी कित्येकदा काळ्या रेघांचा येतो. स्क्रीनशॉट काढून फ्लेक्सवर मोठा करू नका, दहा फुटांवर त्याचे चौकोन मोजता येतील. व्हेक्टर, म्हणजे कितीही मोठी केली तरी न फुटणारी एसव्हीजी फाइल घ्या. गूगलचे नोटो इमोजी आणि ओपनमोजी हे संच मोकळ्या परवान्यावर मिळतात. ओपनमोजी वापरताना श्रेय द्यावं लागतं. ॲपलची चित्रं कॉपीराइटची आहेत, ती छापू नका.

अर्थाबद्दल एकच सांगणं. श्रद्धांजलीच्या मेसेजखाली उत्तर देताना 😭 च्या जागी 😂 पडणं ही रोजची चूक आहे. कीबोर्डवर दोघं जवळजवळ असतात आणि उन्हात फरक दिसत नाही. अशा ठिकाणी 🙏 किंवा 💐 पुरेसा असतो, आणि शब्द त्याहून चांगले.

एक तपासओळ

नवी साइट, नवं सॉफ्टवेअर किंवा नवी एसएमएस सेवा घेतली की खालची ओळ त्यात टाका, सेव्ह करा, बंद करा आणि पुन्हा उघडा:

शेतकर्‍यांना 🌾 👨‍🌾 🙏🏽 ☎️ ₹५०० संपलं

पहिला शब्द ‘शेतकर्यांना’ झाला किंवा 👨‍🌾 फुटला, तर जोड गळतोय (नुसता इमोजीच फुटला तर फाँट जुना असू शकतो). 🌾 च्या जागी प्रश्नचिन्ह आलं तर डेटाबेस ३ बाइटांवर अडकलाय. 🙏🏽 शेजारी वेगळा चौकोन दिसला तर त्या यंत्राचा फाँट जुना आहे. ☎️ काळा पडला तर रूप ठरवणारं अक्षर गेलं किंवा तिथला फाँट त्याला जुमानत नाही. आणि शेवटचा ‘संपलं’ दिसला नाही, तर इमोजीपुढचा मजकूर कापला जातोय, आणि ग्राहकांचे मेसेज तुमच्यापर्यंत अर्धवटच पोहोचतील.